अकरा फुटांच्या ओट्याला जोड कुठे द्यायचा?

आधी प्रश्न थोडक्यात. पुण्यात पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्वयंपाकघर नव्यानं करायचंय. ‘एल’ आकाराचा ओटा. खिडकीची भिंत ११ फूट, तिला काटकोनात दुसरी ७ फूट. खिडकीखाली मोठं सिंक, त्याच्या डावीकडे भिंतीला लागून डिशवॉशर, आखूड बाजूला हॉब (ओट्यात खाच कापून बसवायची गॅसची शेगडी). शिवाय हॉलकडच्या अर्ध्या भिंतीवर १४ इंच पुढे येणारा, ५ फुटी नाश्त्याचा कट्टा. खाली मॉड्युलरचे प्लायचे बॉक्स. घरात म्हणतात, जोड अजिबात नको. कंत्राटदार म्हणतो, जोड सिंकच्या मधोमध घेऊ, कळणारही नाही. सासरेबुवांचं मत, प्लायवर ग्रॅनाइट टिकत नाही, खाली कडप्पाच हवा. ऐकायचं कुणाचं?

तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण तिघंही वरून बघताहेत. मी ओट्याकडे खालून बघतो. सव्वीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी हात आधी ओट्याखाली जातो. बायको चिडते.

दगडाचा स्वभाव एकदा समजला की बाकीचं सोपं होतं. ग्रॅनाइट दाबाला जबरदस्त. पण वाकवायला गेलात, तर दाबाला जितका टिकतो त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शातच मान टाकतो. लाकूड वाकून सांगतं, लोखंड वाकून सांगतं, दगड काही सांगत नाही. ओट्याखाली पोकळी असेल आणि वर कुणी माळ्यावरचे डबे काढायला चढलं, तर दगडाची खालची बाजू ताणली जाते आणि चीर तिथून सुरू होते. वर दिसेपर्यंत काम संपलेलं असतं.

आता ‘जोड नको’बद्दल. ११ फूट लांब, २५ इंच रुंद म्हणजे जवळजवळ २३ चौरस फूट. १८ मिमीचा काळा दगड चौरस फुटाला ५ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ११० किलोच्या वरचा एकच पीस. इतक्या लांबीचा स्लॅब मिळणं हीच पहिली अडचण. गँगसॉचे (अनेक पात्यांच्या मोठ्या करवतीवर कापलेले) मोठे स्लॅब साधारण ९-१० फुटांचे येतात, आणि कटर साइझचे, म्हणजे छोट्या मशीनवर कापलेले, त्याहून लहान व अरुंद. समजा मिळाला, तरी लिफ्टमध्ये सात फुटांपलीकडचा पीस सहसा उभा राहत नाही. मग जिन्यानं चढवायचा. पाच मजले, दहा वळणं. वळणावर चौघांपैकी एकाची पकड किंचित खाली गेली की दगडाला पीळ बसतो. त्यात सिंकची खाच आधीच कापलेली असेल, तर तिच्या पुढच्या ३ इंची पट्टीवर सगळं लटकलेलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकानं हट्ट धरला आणि मीही जोशात साडेदहा फुटांचा अखंड पीस चौथ्या मजल्यावर नेला. पोचला, बसला, सगळ्यांनी कौतुक केलं. आठ महिन्यांनी दिवाळीत चकल्या तळताना हॉबच्या कोपऱ्यातून चीर निघाली ती थेट पुढच्या मोल्डिंगपर्यंत. खाली वाकून बघितलं. हॉबच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन फूट आधार नव्हता, आणि खाचेचे कोपरे मीच ग्राइंडरनं पार ओलांडून कापले होते. जोड टाळला म्हणून ज्याचं कौतुक झालं, त्या ओट्याला शेवटी जोड पडलाच. जागा मात्र दगडानं निवडली.

तेव्हा तुमच्या ११ फुटांत एक जोड येणार, हे घरी आजच सांगून टाका. वाद घालायचा तर तो कुठे यावा यावर घाला.

कंत्राटदाराचा हिशेब चुकीचा नाही, तेवढं त्याला श्रेय देतो. सिंकची खाच पुढून-मागून १८ इंच असेल, तर २५ इंचांतले फक्त ७ इंच उरतात, ३ पुढे नि ४ मागे. जोड तिथे घेतला तर २५ ऐवजी ७ इंचच भरायचा, तोही नळामागे आणि सिंकपुढे लपलेला. परदेशी स्वयंपाकघरांत ही पद्धत सर्रास चालते. पण आपल्याकडे सिंकच्या पुढच्या कडेवर दिवसभर पाणी असतं. भांडी तिथेच निथळतात, धुणाऱ्या बाईंचं पोट त्या कडेला टेकलेलं असतं, आणि रात्री सगळा ओटा पाण्यानं धुऊन काढणारी घरं अजून कितीतरी आहेत. मागच्या ४ इंचांत नळाचं ३५ मिमीचं भोक पाडायचं, आणि जोड नेमका मधोमध, म्हणजे भोकातूनच जाणार. वर अंडरमाउंट सिंक असेल तर ते दगडाला खालून टांगलेलं. आतून २८ बाय १६ आणि ९ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तर ६५ किलो पाणी होतं. ते वजन मी दोन पिसांच्या चिकटलेल्या बोटांवर सोडणार नाही. सिंक कुठलंही असो, त्याला खालून बॉक्सच्या बाजूंवर टेकणारी स्वतःची फ्रेम द्या. सिलिकॉननं पाणी अडवावं, वजन उचलू नये.

मग जोड कुठे? डावीकडच्या भिंतीपासून मोजू. पहिले २४ इंच डिशवॉशर. २४ ते ६० सिंकचा बॉक्स, त्यात साधारण २७ ते ५७ इंच खाच. ६० ते ९६ ट्रॉल्या. पुढचे ३६ इंच कोपरा. ट्रॉल्यांचा ३६ इंची एकच बॉक्स करू नका, १८-१८ चे दोन करायला सुताराला सांगा. म्हणजे ७८ इंचांवर दोन बॉक्सच्या बाजू पाठीला पाठ लावून येतात, प्लायची ३६ मिमी जाडी तयार होते. जोड बरोबर त्यावर. सिंकच्या खाचेपासून तो २१ इंच लांब राहतो, आणि पीस साडेसहा नि साडेचार फुटांचे होतात. दोन्ही लिफ्टमध्ये जातात. दोन बॉक्स एकमेकांना स्क्रूनं आवळायला विसरू नका. नाहीतर एक बॉक्स वर्षभरात मिलिमीटरभर खाली बसतो आणि जोडावर बोट फिरवलं की पायरी लागते.

सुतार आणि ग्रॅनाइटवाला एकमेकांशी बोलत नाहीत, ही या धंद्यातली जुनी खोड. सुतार बॉक्स लावून पैसे घेऊन जातो, मग दगडवाला येतो आणि जिथे स्लॅब संपेल तिथे जोड टाकतो. तुमच्याकडे अजून बॉक्स बनलेले नाहीत, म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. दोघांना एकाच दिवशी घरी बोलवा आणि भिंतीवर खडूनं ७८ इंचांची खूण करून दाखवा.

कोपऱ्यातला जोड हा दुसरा. तिथे ४५ अंशांचा तिरका जोड ‘फोटोफ्रेमसारखा’ सुंदर दिसतो म्हणून सुचवतील. नको म्हणा. २५ इंचांचा सरळ जोड तिरका केला की ३५ इंचांचा होतो, दगड जास्त वाया जातो, आणि दोन्ही पिसांची टोकं भिंतीच्या कोपऱ्याकडे निमुळती होतात.  अशी टोकं लवकर खवलतात. लांब बाजूचा पीस भिंतीपर्यंत पूर्ण न्या आणि आखूड बाजूचा त्याला सरळ आणून भिडवा. त्या जोडाखाली काय येतं ते मात्र बघा. कोपऱ्यातला बॉक्स आतून मोकळा असतो, त्यामुळे जोड बरेचदा हवेवर येतो. तिथे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत एक उभी फळी घ्या, किंवा दोन्ही पिसांना खालून चिकटणारी ४ इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी. पट्टी घेतलीत तर तिच्या जाडीएवढी प्लायला खाच हवी, नाहीतर दगड पट्टीवर तरंगतो आणि आधारच शत्रू होतो.

हॉब हे सगळ्यात नाजूक ठिकाण. ६० सेंटिमीटरच्या बऱ्याच हॉबची खाच ५६० बाय ४९० मिमीच्या आसपास असते. २५ इंच म्हणजे ६३५ मिमी. उरले १४५, पुढे-मागे वाटून सात-सात सेंटिमीटरच्या पट्ट्या. त्यावर बर्नरची उष्णता, दहा लिटरचा कुकर, आणि सणासुदीला कढई. म्हणून हॉबच्या बॉक्सला पुढे नि मागे दोन्हीकडे आडवी पट्टी हवीच, आणि पुढच्या दगडी पट्टीच्या पोटात खाच मारून स्टेनलेस स्टीलची सळई एपॉक्सीत बसवलेली हवी. साधी लोखंडी सळई नको. ती गंजून फुगते आणि दगडाला आतूनच फोडते. सिंकच्या पुढच्या पट्टीलाही हेच.

खाच कापायची रीत आधी विचारून घ्या. चारही कोपऱ्यांत आधी गोल भोकं, मग भोकापासून भोकापर्यंत काप. ग्राइंडरचं पातं गोल असतं. त्यानं चौकोनी कोपरा काढायचा तर ते रेघेपलीकडे जातंच, आणि हॉब बसवल्यावर तो ओरखडा झाकला जातो. चिरेला तेवढं निमंत्रण पुरतं. गोल कोपऱ्यात ताण पसरतो, टोकदार कोपऱ्यात एकवटतो. कारागीर ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तर माझी चकल्यांची गोष्ट सांगा.

डिशवॉशरकडे या. तिथे २४ इंच मशीन येणार, म्हणजे खाली बॉक्स नाही आणि दगड पुलासारखा जाणार. १८-२० मिमीच्या दगडाला २४ इंच ही मी कमाल मर्यादा धरतो, तीही दोन्ही टोकं नीट टेकलेली असतील तर. उजवीकडे सिंकच्या बॉक्सची बाजू आहेच. डावीकडे भिंत आहे म्हणून ‘भिंत धरेल’ असं समजू नका. प्लास्टरला घासून उभा असलेला दगड कशावरही टेकलेला नसतो. तिथे उभी फळी घ्या किंवा भिंतीला अँगल ठोका, आणि मागच्या भिंतीलाही अँगल द्या. दुसरी गोष्ट उंचीची. जुने ओटे ३२-३३ इंचांचे. सुटं डिशवॉशर साधारण ८५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतेहतीस इंच. दगडाखाली मोकळे ३४ इंच ठेवा, वरची उंची ३५ च्या आसपास जाईल. घरातल्या बुटक्या माणसाला ती चालते का, हे आधीच्या ओट्यावर पाट ठेवून पाहा. ओट्याला जाड दाखवायला पुढच्या कडेखाली डबल पट्टी लावणार असाल, तर ती आणखी १८ मिमी खाली येते. कितीदा सगळं बसवून झाल्यावर मशीन त्या पट्टीला अडलेलं पाहिलंय. वरच्या ट्रॉलीचंही तेच होतं. डबल पट्टीनं दगड मजबूत होतो हाही गैरसमज, ती दिसण्यापुरती.

नाश्त्याचा कट्टा १४ इंच बाहेर, आणि खाली काही नाही असं चित्रात असेल, तर तो करू नका. १८-२० मिमीचा दगड मी ६ इंचांपलीकडे अधांतरी सोडत नाही, ३० मिमीचा १० पर्यंत. जाडी १८ वरून ३० केली तर वजन पावणेदोन पटीच्या आत राहतं, वाकणं सोसायची ताकद मात्र पावणेतीन पटींवर जाते. तरी १४ इंच त्यातही बसत नाहीत. खालून १० मिमी जाड, २ इंच रुंद लोखंडी पट्ट्या घ्या, गंजरोधक रंग मारलेल्या, दर दोन फुटांवर, अर्ध्या भिंतीत घट्ट बसवलेल्या. ५ फुटांत तीन. पट्टीचं टोक कडेच्या ३-४ इंच आधी थांबवलं की गुडघ्याला लागत नाही आणि दिसतही नाही. भिंत अर्ध्या विटेची असेल तर पट्टी वरच्या थरात नुसती खोचू नका. काँक्रीटचा छोटा पट्टा ओतून त्यात धरा. नाहीतर कोणी कट्ट्यावर हात टेकून उठलं की विटांसकट वर येईल.

सासरेबुवांच्या कडप्प्याबद्दल. त्यांच्या काळात ओटा गवंडी बांधायचा. दर दोन-अडीच फुटांवर उभा कडप्पा भिंतीत दोन इंच खाचून, त्यावर आडवा कडप्पा, त्यावर माल पसरून ग्रॅनाइट. तो ओटा खरंच हलत नाही. प्लायच्या ओट्याची बदनामी झाली ती प्लायमुळे कमी, लेव्हलमुळे जास्त. उभ्या फळीवर वजन उभं उतरतं, आणि १८ मिमीच्या चांगल्या वॉटरप्रूफ प्लायला दीडशे किलो काहीच नाही. पण एक बॉक्स शेजारच्यापेक्षा २ मिमी उंच असला की दगड त्या एका धारेवर तराजूसारखा डुलतो. दगड येण्याआधी ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी सगळ्या बॉक्सवर उभी-आडवी फिरवा. खालून उजेड दिसला की बॉक्सचे पाय फिरवून लेव्हल करा, आणि प्रत्येक पाय जमिनीला खरंच टेकलाय का ते हातानं बघा. फटीत लाकडाच्या ढलप्या कोंबू देऊ नका. त्या ओल्या होतात, सुकतात, कुजतात. फट राहिलीच तर एपॉक्सीनं भरा. सासरे ऐकत नसतील तर फक्त सिंकच्या बाजूच्या दोन उभ्या फळ्या कडप्प्याच्या करा. पाणी तिथेच गळतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं आहे.

दगड निवडताना एकच स्लॅब घ्या. १० फूट बाय साडेपाच फुटांचा मिळाला, तर २५ इंचांचे दोन पट्टे निघतात. एकातून साडेसहा फुटांचा पीस, दुसऱ्यातून साडेचार फुटांचा आणि हॉबचा ५९ इंची (७ फुटांतून कोपऱ्याचे २५ इंच गेले). उरलेल्या १६ इंचांत पट्ट्या भागतात. नाश्त्याचा कट्टा यात बसत नाही, आणि दुसऱ्या लॉटचा तोच रंग शेजारी ठेवला की फरक ओरडतो. तिथे सरळ वेगळा दगड घ्या. ब्लॅक गॅलेक्सी आवडत असेल (आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. भूशास्त्रवाल्यांच्या मते तो ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो. आपण कशाला भांडा), तर सोनेरी ठिपक्यांचा कल तिन्ही पिसांत एकाच दिशेला ठेवायला सांगा. काळ्या दगडावर थिनर लावलेलं पांढरं फडकं घासा. काळं झालं तर रंग चढवलाय. फिका दगड घेणार असाल तर त्याच्याखाली करडं सिमेंट नको. ओल वर येते आणि डाग कायमचे बसतात. हळदीचे वेगळेच.

माप बॉक्स बसल्यावरच घ्या, तेही ३ मिमी प्लायचा साचा करून. फ्लॅटच्या भिंती गुण्यात (काटकोनात) नसतात. ७ फुटांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची तिरपाई रोजची आहे. ती जोडात सुधारायला गेलं की जोड एका टोकाला पाचर होतो. भिंतीशी ३ मिमी फट ठेवा, वर डाडोच्या टाइल येऊन ती झाकतील. टाइल आधीच असतील तर सिलिकॉन.

जोडाची कड मशीनवर कापलेली हवी, हातातल्या ग्राइंडरवर नाही. रुंदी एक ते दीड मिमी. ‘शून्य जोड देतो’ म्हणणारा दोन कडा एकमेकांवर घासणार आणि त्या खवलणार. भरायला दगडाच्या रंगाचं एपॉक्सीच. पांढरं सिमेंट सहा महिन्यांत भुगा होऊन निघतं आणि त्या चरात कणीक बसते. पटकन सुकणारं पॉलिएस्टर रेझिन कारागिरांना आवडतं कारण त्यांना संध्याकाळी घरी जायचं असतं. ओल्या जागी ते सोडत जातं. आणि जोड भरल्यावर वरून ग्राइंडर फिरवून ‘एकजीव’ करू देऊ नका. कारखान्याची चकाकी जागेवर परत येत नाही, धुरकट पट्टा राहतो. दोन पीस आधीच एका पातळीत बसले असतील, तर फक्त ब्लेडनं जास्तीचं एपॉक्सी खरवडायचं.

बसवल्यावर २४ तास ओट्यावर काही नको, थंडीत ३६. मिक्सरही नाही. आणि ७८ इंचांच्या त्या जोडाजवळ खलबत्ता ठेवायची जागा करू नका. नारळ फोडायला ओट्याची कड वापरायची सवय घरात असेल, तर दाराच्या उंबऱ्याची आठवण करून द्या. हॉब आणि सिंक मात्र बॉक्स बनण्याआधी विकत घेऊन घरात आणून ठेवा. खोक्यावरच्या मापावर नाही, आतल्या खाचेच्या नकाशावर कापायचंय.